डब्याचं तिकीट

अण्णा मालवणहून परत येताना एस.टी.ची दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं आणि एक डब्याचं.

डबा रॉकेलचा, चौकोनी. राखेनं आतून इतका घासलेला की त्यात तोंड दिसावं. वर फडकं बांधलेलं आणि आत समुद्राचं पाणी. दर खेपेला कंडक्टरशी तेच भांडण व्हायचं, आणि घरी आले की अण्णा ते आमच्या सासूबाईंना जसंच्या तसं ऐकवायचे.

“डबा टपावर टाका,” कंडक्टर म्हणायचा.

“टपावर ऊन लागतंय.”

“मग पायाशी ठेवा.”

“पायाशी हिसकं बसत्यात.”

“मग काय माझ्या डोक्यावर ठेवतासा?”

“सीटवर ठेवतो. तिकीट फाडा की.”

डबा खिडकीशी बसायचा आणि अण्णा त्याला धरून कडेला. फोंडा घाटात वळणं सुरू झाली की ते फडकं जरा सैल करायचे. शेजारच्या उतारूनं कारण विचारलं तर सांगायचे, “वाऱ्याबिगर मळमळतंय त्यास्नी.”

“कुणाला?”

“डब्यातल्यास्नी.”

एवढ्यावर पुढची दोन बाकं रिकामी व्हायची.

डब्यात खेकडे असत. आपल्या ओढ्यातले नव्हेत. हे शंखात राहणारे. या खेकड्याचं पुढचं अंग टणक असतं, पण मागचं अगदी मऊ, सोललेल्या केळ्यासारखं आणि वाकडं. त्याला पाठीवर काही नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो, त्यात पाठमोरा शिरतो आणि तो शंख घेऊनच जन्मभर हिंडतो. अंगानं वाढला की मोठा शंख बघतो. हे सगळं मला अण्णांनी सांगितलं. मी समुद्र कधी पाहिलेला नाही.

अण्णांचं खरं नाव शिवाप्पा. गल्लीत त्यांना खेकडेअण्णा म्हणत, तेही तोंडावर. मूळचे हुपरीचे. घरी चांदीचं काम. पैंजणाला घुंगरू बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. एकदा इथल्या, कोल्हापूरच्या कॉलेजातले एक प्रोफेसर बायकोला पैंजण घ्यायला हुपरीला गेले. अण्णांचा चिमटा कसा चालतो ते बघत दुकानात उभे राहिले आणि पैंजण विसरून अण्णांनाच घेऊन आले. कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र नव्यानं सुरू होत होतं. मुलांना दाखवायला नमुने करायचे होते, आणि खेकड्याच्या मिशा न मोडता काचेच्या पट्टीवर दोऱ्यानं बांधायला असाच हात लागतो.

पण अण्णांचं घर लिंगायत. गळ्यात लिंग, घरात जीव मारणं नाही. थोरल्या भावानं सांगितलं, खेकडं मारायचं असलं तर या घरात पाय ठेवायचा नाही. अण्णांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. ते सणाला सकाळच्या गाडीनं हुपरीला जायचे आणि दुपारच्या गाडीनं परत यायचे. सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, “घरात लई गर्दी हाय, मावशी. बसायला जागा न्हाय.”

आमच्या परसात आडाशेजारी पत्र्याची खोली होती, तिथे ते राहायला आले. माझे यजमान मोजणी खात्यात, वर्षातले आठ महिने गावोगाव साखळी ओढत. घरात मी, सासूबाई आणि आमची सुमी. मागं कुणी पुरुषमाणूस असावा म्हणून सासूबाईंनी खोली दिली. अट एकच घातली. “खेकडं माझ्या आडाकडं यायचं न्हाईत.”

“मावशी, ते गोड्या पाण्याकडं ढुंकून बगत न्हाईत,” अण्णा म्हणाले. ते खरंच बोलले होते, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

अण्णांची दोन वाक्यं ठरलेली. चांगल्या गोष्टीला म्हणायचे, “शास्त्राला धरून हाय.” आमटीला फोडणी नीट बसली, शास्त्राला धरून हाय. पाऊस वेळेवर आला, शास्त्राला धरून हाय. सुमी पडली आणि रडली नाही, तर ते मात्र शास्त्राला धरून न्हाय.

दुसरं वाक्य खेकड्यांबद्दल. गल्लीतली पोरं विचारायची, अण्णा, तुम्हाला दया येत नाही? ते मान ताठ करून म्हणायचे, “आपल्याला नमुना दिसतो. जीव दिसत न्हाय.”

मी त्यांच्याशी दाराआडून बोलायचे. मी कुणाशीच फारसं बोलत नाही.  आमची ओळख झाली ती लोणच्यामुळे. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलं अक्षर तेवढं राहिलं. लोणच्याच्या बरण्यांना मी चिठ्ठ्या चिकटवायचे. कैरी, लिंबू, हळद. सुमीनं त्यांना एकदा वाटीतून लोणचं देताना बरणीच दाखवली. दुसऱ्या दिवशी ते दारापासून चार हात लांब उभे राहिले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, “अक्का, माझं अक्षर म्हंजे शाईत पडलेला मुंगळा चालल्यागत हाय. माझ्या बरण्यास्नी नावं लिवून द्याल काय?”

अक्का म्हणजे त्यांच्या घरच्या कानडीत थोरली बहीण. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते.

बरणीच्या पुढच्या बाजूला प्रोफेसरांची इंग्रजी चिठ्ठी असायची. मागच्या बाजूला माझी. ‘शंखातला खेकडा. मालवण.’ अण्णा म्हणायचे, मुरगूड-हातकणंगल्याकडनं आलेली पोरं पुढनं बरणी बघतात आणि मागनं वाचतात. ते ऐकून मी दोन दिवस हसतमुख होते असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं.

नमुना करायचा असला की अण्णा दार लावून घ्यायचे. त्याआधी सुमीकडून निरोप यायचा, एक तांब्या गोडं पाणी पाहिजे. मी आडातून ताजं काढून द्यायचे. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. सासूबाईंनी भाकरी पाठवली तर आतून आवाज यायचा, “आज सोमवार हाय, मावशी.” वार कुठलाही असो. “ह्यांचा आठवडाच सोमवारचा दिसतोय,” सासूबाई म्हणायच्या.

एकदा त्यांनी मला दाराबाहेरून अडचण समजावली होती. या खेकड्याला जिता स्पिरिटात टाकला की तो शंखात खोल जातो, मोठी नांगी दारासारखी लावून घेतो आणि आतच मरतो. कधी पाय टाकून देतो. मग मुलांना दिसतो नुसता शंख. नमुना असा पाहिजे की खेकडा अर्धा बाहेर, डोळे ताठ, मिशा पसरलेल्या. “त्यानं आपणहून भाईर यायला पायजे, अक्का. घाई करायची न्हाय.” कसा येतो बाहेर, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सुमी मराठी चौथीत होती त्या वर्षी कॉलेजात बारा टेबलं झाली. प्रोफेसरांना परीक्षेआधी दर टेबलावर एक खेकडा पाहिजे होता. अण्णांनी पावसाआधी बारा आणले, अकरा बरण्या झाल्या. बारावा राहिला.

त्याचा एक पाय तुटका होता. अण्णांनी कॉलेजात सांगितलं, लंगडा नमुना शास्त्राला धरून न्हाय, पाय फुटू दे. त्या खेकड्यांना पाय पुन्हा फुटतात. दिवाळीनंतर फुटला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, “अजून भाईर येत न्हाय.”

मला मात्र दिसत होतं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या दाराकडे होती. दिवेलागणीला अण्णा खोलीचं दार उघडं टाकून एनॅमलच्या घमेल्यापुढे मांडी घालून बसायचे. आधी तांब्यानं पाणी उंचावरून ओतायचे, चहा निववतात तसं, पाण्यात वारा मिसळावा म्हणून. मग चिमट्यात खोबऱ्याचा कीस धरायचे. “पावणं, या की. जेवाय वाढलंय.” आणि तो यायचा. आधी मिशा, मग देठावरचे दोन डोळे, मग नांगी. रोज यायचा.

त्याचं नाव पावणंच पडलं. आपल्याकडे अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात, तसंच. मासळी त्याला कधी दिली नाही. “आमच्या घरात हाय तवर शाकाहारी,” अण्णा म्हणायचे. घमेल्यात त्यांनी पाच रिकामे शंख लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले होते, चांदीला देतात तशी झिलई देऊन. तो वाढला तर त्याला घर शोधत हिंडायला नको. दर महिन्याला ताज्या पाण्यासाठी मालवणची खेप, दोन तिकिटं. गल्लीत कुणी विचारलं की मान ताठ. “नमुना हाय. भाईर येत न्हाय म्हणून थांबलोय.”

माघात प्रोफेसरांनी शेवटचं सांगितलं. परीक्षेच्या आधी बारावी बरणी टेबलावर दिसली नाही तर पुढल्या वर्षी तयार नमुने मुंबईहून पार्सलनं मागवू, मग इथे माणसाची गरज नाही. अण्णांनी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा मी दाराआड होते.

“मग घाला की त्याला बाटलीत,” सासूबाई म्हणाल्या. “एक खेकडा का तुमची भाकरी?”

अण्णा बराच वेळ आडाच्या कठड्यावरचं शेवाळ नखानं काढत राहिले. मग म्हणाले, “मालवणास्नं दुसरा आणतो.”

जाताना ते माझ्या दाराशी आले. भिंतीकडे बघून म्हणाले, “अक्का, तीन दिसांचं काम हाय. दोन वेळा पाणी उंचावरनं वतायचं. सांजचं खोबरं. पाणी खारं हाय, ते खारंच ऱ्हायला पायजे. एवढं बगा. दुसऱ्या कुणाला सांगवत न्हाय.”

मला आजवर कुणी काही सोपवलं नव्हतं. सासूबाई दुधावर लक्ष ठेवायला सुद्धा सुमीला बसवायच्या.

पहिला दिवस नीट गेला. दिवेलागणीला मी घमेल्यापुढे बसले. खोबरं धरलं. तो आला नाही. मला वाटलं, माझ्यासारखाच आहे, अनोळखी माणसापुढे बाहेर येत नाही. मग मी हळूच बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. यजमानांचं पत्र आलं नाही, असलंच काहीतरी. बोलता बोलता त्याच्या मिशा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांजरानं घमेलं पालथं केलं. मी धावत गेले तेव्हा मातीच्या जमिनीत सगळं पाणी जिरून गेलं होतं. झिलईचे शंख इकडेतिकडे पडले होते, आणि पावणं नांगीचं दार लावून कोपऱ्यात. समुद्राच्या पाण्याचा थेंब घरात नव्हता. ते आणायलाच तर अण्णा गेले होते.

मी आडातून पाणी काढलं. पाणी खारंच पाहिजे हे माझ्या ध्यानात होतं. पण किती खारं? समुद्राची चव कुणाला विचारणार? सासूबाईंनी तरी कुठे पाहिला होता. मी घमेलंभर पाण्याला अंदाजानं मीठ घातलं, पातेलंभर आमटीला घालतो तसं, चवीपुरतं. बोटानं चाखून पाहिलं. पाहुण्याचं आहे म्हणून वर आणखी चिमूटभर घातलं आणि त्याला अलगद आत सोडलं.

संध्याकाळी तो न बोलावता बाहेर आला. रोज यायचा त्याहून कितीतरी जास्त. आधी नांगी सैल झाली, मग सगळे पाय बाहेर पसरले, मिशा लांब झाल्या, आणि जे मऊ अंग कधीच दिसत नाही तेही थोडं शंखाबाहेर आलं. मला इतका आनंद झाला. माझ्या हातचं पाणी त्याला मानवलं असं वाटलं. त्या दिवशी मी खूप बोलले. खोबरं त्यानं खाल्लं नाही, पण मला ते खटकलं नाही.

सकाळी तो तसाच होता.

अण्णा तिसऱ्या दिवशी दुपारी आले. डबा खांद्यावर. खोलीत गेले. मी दाराआड उभी होते.  मग ते दारात आले. त्यांचं बोट ओलं होतं आणि पाण्याची चव घेतल्यासारखे ओठ मिटून उभे होते.

“मीठ किती घातलंसा, अक्का?”

“चवीपुरतं,” मी म्हणाले. मग मांजराचं सांगितलं. सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले.

ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बरोबर केलंसा. शास्त्राला धरून हाय. वय झालतं त्याचं.”

“खरंच?”

“व्हय. म्हातारा झालता. आन् बगा की, जाताना कसा भाईर आलाय. असला नमुना कॉलेजात न्हाय. तुमचा हातगुण.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मला अभिमानच वाटला. त्या दिवशी सासूबाईंनी भाकरी पाठवली तर आतून आवाज आला, “आज सोमवार हाय.” बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहायला घेतली. ‘शंखातला खेकडा. मालवण’ एवढं लिहिलं तर दाराबाहेरून म्हणाले, “निस्तं मालवण नगं. कोल्हापूर बी लिवा. दोन्ही गावं झाल्यात त्याची.” मी लिहिलं, ‘मालवण–कोल्हापूर’. बारावी बरणी टेबलावर गेली. अण्णांची नोकरी राहिली.

डब्यात आणलेला नवा खेकडा तसाच होता, जिता. त्याचं काय करणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. आठ दिवसांनी अण्णांनी डब्याला फडकं बांधलं आणि स्टँडवर गेले. जाताना दोन तिकिटं काढली. रिकामा जाणारा डबा पहिल्यांदाच भरलेला गेला. सासूबाई म्हणाल्या, “का हो, समिंदरात पाणी कमी पडलं काय?”

अण्णा हसले नाहीत. परत आले ते रिकामा डबा घेऊन. त्यानंतर ते मालवणला गेले नाहीत. कॉलेजातल्या बरण्या पुसायच्या, स्पिरिट उणं झालं की भरायचं, एवढंच काम करत राहिले. झिलईचे पाच शंख त्यांनी सुमीच्या हाती माझ्याकडे पाठवले. ते मी तुळशीपाशी ठेवले.

पुढे सासूबाई गेल्या. सुमी मोठी झाली, त्याच कॉलेजात शास्त्राच्या पहिल्या वर्षाला गेली. एका शुक्रवारी घरी आली ती हसतच.

“आई, आज तुझं अक्षर बघितलं. मालवण–कोल्हापूर! सगळी पोरं हसत होती. कोल्हापूरला समुद्र कधी आला म्हणून. मी काही बोलले नाही.”

मीही हसले.

“पण सर म्हणाले, हा सगळ्यात सुरेख नमुना आहे. असा सबंध बाहेर आलेला दुसरा नाही. त्याची युक्ती असते आई. जिवंत असताना गोड्या पाण्यात ठेवायचं. थोडं मीठ असलं तरी चालतं, पण समुद्राएवढं नको. त्याला ते सोसत नाही, अंग सैल पडतं आणि हळूहळू आपणहून बाहेर येतो. मग मरतो.”

ती हातपाय धुवायला गेली. मी तांदूळ निवडत होते, ते तसेच ताटात राहिले.

थोड्या वेळानं मी परसात गेले. अण्णा आडाच्या कठड्याला टेकून बसले होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, केस सगळे पांढरे. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले.

“अण्णा, चवीपुरतं मीठ पुरणार नव्हतं. होय ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सवयीनं भिंतीकडे बघितलं. “कोण म्हणालं?”

“सुमी.”

“सुमी पैल्या वर्षाला हाय. तिला अजून लई शिकायचं हाय.”

“अण्णा.”

 ते कठड्यावरचं शेवाळ नखानं काढत राहिले. मग म्हणाले, “अक्का, तुमी मीठ तरी घातलंसा. त्या अकरास्नी मी निस्तं गोडं पाणी दिलतं.”

ते पाणी आडातून कोणी काढून दिलं होतं, हे ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. ऊन कौलावरून उतरलं तोवर दोघं तिथेच होतो, ते बसलेले आणि मी उभी.

“भाकरी आणू का?” मी विचारलं.

“नगं. आज सोमवार हाय.”

मी घरात आले. सुमीला वाढलं. ती म्हणाली, आई, तू का बसत नाहीस? मी म्हटलं, आज माझा सोमवार आहे.